नेहमीसारखे बसा

"आई, एवढंच कर. काहीही करू नकोस," धाकटा फोनवर तिसऱ्यांदा म्हणाला. "शनिवारी माझा कार्यक्रम आहे. 'माझं घर, माझा रोजचा दिवस.' मी दहा मिनिटं बोलणार, मग तुम्हाला फोन लावणार, आणि हॉलमधले सगळे मोठ्या स्क्रीनवर आपलं घर बघणार. तुम्ही फक्त नेहमीसारखे राहा."

"सगळे म्हणजे किती?"

"साठ-सत्तर."

"साठ-सत्तर माणसं आपल्या घरात!" आई म्हणाली, आणि सगळं बिघडलं ते तिथेच.

माणसं स्क्रीनवरून बघणार, चपला घालून आत येणार नाहीत, हे धाकट्याने परोपरीने सांगितलं. पण आईच्या लेखी पाहुणा म्हणजे पाहुणा, मग तो दारातून येवो नाहीतर फोनमधून. तिने फोन ठेवला आणि आधी भिंतीकडे बघितलं.

धाकट्याला परदेशात शिकायला येऊन अकरा महिने झाले होते. अभ्यास बरा चालला होता, बाकी सगळा आनंदीआनंद होता. वर्गातली मुलं "कसा आहेस?" म्हणायची आणि उत्तर येईपर्यंत दोन खोल्या पुढे गेलेली असायची. सुरुवातीला तो बिचारा थांबून खरोखर सांगायचा, पोट बिघडलंय, झोप लागत नाही, वगैरे. मग त्याने तो नाद सोडला. शनिवार-रविवार त्याच्या तोंडून शब्द फुटायचा तो फक्त आईशी बोलताना, आणि तेव्हाही तो खोटं बोलायचा. "चौघं मित्र जेवायला आलेत गं, ठेवतो आता," असं म्हणून फोन ठेवायचा आणि एकटाच जेवायला बसायचा.

घराची इतकी आठवण यायची की विचारू नका. पण दिसायचं काय? आई फोन तोंडासमोर धरून बोलायची. अकरा महिन्यांत घर म्हणून त्याला जे दिसलं होतं, ते आईचं कपाळ. म्हणून तर त्याने कार्यक्रमाला स्वतःहून नाव दिलं होतं. फोन एकदाचा लांब कुठेतरी उभा राहील आणि आपल्याला आपलं घर दिसेल, आहे तसं. एवढाच स्वार्थ. साठ-सत्तर लोकांना दिसलं काय नि न दिसलं काय.

शनिवारी दुपारी तो लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसला. शेजारी चौकड्यांच्या शर्टातला एक मुलगा आणि एक लांब वेणीची मुलगी बसली होती. धाकट्याने घसा साफ केला. "एक विनंती होती. माझ्या घरचे स्क्रीनवर आले की जरा हात हलवाल का? ओळखीचे असल्यासारखे?"

"हो, हलवू की," मुलगा म्हणाला आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये शिरला.

भाषण मात्र छान झालं. धाकट्याने जीव ओतून सांगितलं. त्याचे बाबा मनगटी घड्याळं दुरुस्त करतात, घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर. अंगात बनियन, डोळ्याला भिंग. टेबलावर मोहरीहून बारीक स्क्रू पसरलेले असतात, त्यामुळे बाबा "हं!" म्हणेपर्यंत घरात पंखा लावायची बंदी. लावला की स्क्रू उडाले, आणि मग सगळं घर ओणवं. आई त्यांना पेपर वाचून दाखवते आणि मध्येच बातमीशीच भांडायला लागते. आमच्या घरी शांतता नसते, धाकटा म्हणाला, कोणी एका जागी बसत नाही, सगळे एकदम बोलतात. "आता तुम्ही स्वतःच बघा!"

आपण आणि हॉल दोन्ही घरच्यांना दिसतील असा त्याने फोन उभा करून लावला आणि तो स्वतःच बघत राहिला.

भिंत गुलाबी झाली होती. निदान कॅमेऱ्यात येईल तेवढी. खिडकीला मखमली पडदा होता, जो त्यांचा नव्हता. पडदा समोरच्या काकूंचा. तो आला म्हणून काकूंचा सोफा आला, सोफा आला म्हणून सोफ्यावर काकू आल्या. मध्ये आई, ठेवणीतल्या साडीत, आणि कडेला बाबा, मावशीच्या लग्नात शिवलेला कोट घालून. टेबल गायब. स्क्रू गायब. तिघंही हात गुडघ्यांवर ठेवून, पापणी न हलवता समोर बघत होती.

"आई, हे काय?" धाकटा पुटपुटला.

"नेहमीसारखे बसलोय," आई ओठ न हलवता म्हणाली.

पहिल्या रांगेतल्या त्या दोघांनी ठरल्याप्रमाणे हात हलवले. आईने मान किंचित झुकवली.

कार्यक्रमवाल्या बाई पुढे सरसावल्या. "विचारा ना त्यांना, रोज असेच बसता का?"

धाकट्याने विचारलं. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने डोळ्यांनी दटावलं. "हो, रोज," बाबा म्हणाले.

"आणि बसून काय करता?"

हा प्रश्न काही आईच्या तयारीत नव्हता. "काही नाही," ती म्हणाली. "बसतो."

धाकट्याने ते जसंच्या तसं सांगितलं. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मागच्या रांगेतल्या कोणीतरी ते वहीत लिहून घेतलं.

"किती सुंदर!" बाई गहिवरून म्हणाल्या. "संध्याकाळी सगळं कुटुंब एकत्र, एक शब्द न बोलता!"

"नाही हो, तसं काही नाही, आमच्याकडे तर..."

"चला, आपणही करून बघू. हात गुडघ्यांवर. एक मिनिट."

झालं! साठ-सत्तर लोक हात गुडघ्यांवर ठेवून स्तब्ध बसले. इकडे घरी आईने ते पाहिलं आणि ती चपापली. या लोकांची काहीतरी पद्धत दिसतेय, असं समजून तिने बाबांना कोपराने ढोसलं आणि तिघंही आणखी ताठ झाली. ते हलत नाहीत म्हणून हे हलेनात, आणि हे हलत नाहीत म्हणून ते. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. बाबांच्या नाकावर माशी बसली. तीही आदराने सोसली गेली. दोन देशांच्या मध्ये एकटा धाकटा तेवढा उभा होता, आणि आपण आता कोणाला काय सांगावं हेच त्याला कळेना. शेवटी हॉलमधल्या कोणाला तरी शिंक आली आणि सगळे सुटले. टाळ्या झाल्या. आईने नमस्कार केला, बाबांनी फोन बंद करायचं बटण समजून भलतंच काहीतरी दाबलं आणि तो उताणा सोफ्यावर ठेवला.

स्क्रीनवर आता घराचं छत आलं. मधोमध पंखा, एका पात्याला गाठ मारलेली दोरी.

"काय विचित्र माणसं!" बाबांचा आवाज हॉलभर घुमला. "आल्यागेल्यासमोर गप्प बसतात!"

"अहो, असेल त्यांची रीत. कोट उतरवा आधी, डाग पडेल."

"माझे स्क्रू कुठे ठेवलेस?"

"तांदळाच्या डब्यात. ओरडू नका."

"तांदळात!"

लोकांना शब्द कळत नव्हते, पण भांडण काय, कुठल्याही भाषेत कळतं. हॉल हसायला लागला. बाई धाकट्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काय म्हणताहेत?"

"तुमची शांतता आवडली म्हणताहेत," धाकटा म्हणाला. त्याला फोन बंद करता आला असता. पण तो तसाच उभा राहिला, कान देऊन.

"वाळलाय हो," आईचा आवाज आला. "आणि ते दोघं त्याचे मित्र नव्हेत."

"कशावरून? हात हलवला की."

"हात हलवला आणि लगेच फोनमध्ये तोंड घातलं. हा त्यांच्याकडे बघून हसला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आपण काकूंकडून पडदा आणला ना, तसे उसने आणलेत त्याने. रोज म्हणतो, चौघं जेवायला आलेत. एकदा तरी मागून कोणाचा आवाज आलाय? एकटा आहे हो पोरगा. पण सांगणार नाही. आणि मी तरी कसं विचारू?"



"आता काय म्हणाल्या?" बाईंनी हसत हसत विचारलं.

"म्हणतेय..." धाकटा स्क्रीनवरच्या छताकडे बघत म्हणाला. "पडदा परत द्यायचाय."

हॉल खदखदून हसला. चौकड्यांचा शर्टही हसला. तेवढ्यात तिकडे काकू ओरडल्या, "अगं बाई, हा चालूच आहे!" आणि स्क्रीन काळी झाली. कार्यक्रम अतिशय यशस्वी झाला, असं सगळ्यांनी धाकट्याला सांगितलं, आणि सांगून सगळे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने फोन लावला. आई समोर आली. मागे पडदा होताच, आज खिडकीला नाही, दोरीवर टांगलेला.

"कसा झाला रे कार्यक्रम? मित्र काय म्हणाले?"

"आई, तो पडदा काढ."

"कसला पडदा?"

"काकूंचा. मी ऐकलं काल सगळं."

आईने फोन टेकवून ठेवला, स्टुलावर चढली आणि पडदा उतरवला. मागे बाबा बनियनवर परातीत तांदूळ पसरून बसले होते, डोळ्याला भिंग, एकेक स्क्रू निवडत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जेवलास का?" धाकट्याला हेच सगळं तर बघायचं होतं.

"दिसलं ना घर?" आई म्हणाली. "आता तुझी खोली दाखव. सगळी. नेहमी तो पुस्तकांचा कोपरा तेवढा दाखवतोस."

"दोन मिनिटं थांब, जरा आवरतो..."

"आत्ता."

त्याने फोन हळूच फिरवला. पलंग दिसला, एक ताट, एक कप, आणि एक खुर्ची. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, पार हातांपर्यंत. आईने ती खुर्ची बराच वेळ पाहिली.

"मग चौघं येतात, ते बसतात कुठे?"

"कोणी येत नाही, आई," धाकटा म्हणाला. "फार एकटं वाटतं गं इथे."

आई रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. तिने नाक पुसलं. "कपडे उचल आधी," ती म्हणाली. "सगळे. त्या कोपऱ्यातला मोजापण. आता मला तिथे ठेव."

त्याने खुर्ची रिकामी केली आणि फोन तिच्यावर ठेवला. अकरा महिन्यांत त्या खुर्चीवर बसलेलं हे पहिलंच माणूस. तो कप धुवायला वळला.

"इथून तुझं छत तेवढं दिसतंय," मागून आवाज आला. "कोपऱ्यात केवढं जाळं झालंय रे! काढ ते."

"काढतो," धाकटा म्हणाला, पण जाळ्याला हात काही लावला नाही. ते काढलं असतं, तर तिने पुन्हा कशावरून बोलायचं?