एक पात्र जास्त झालं

बायकोच्या कादंबरीचा नायक मीच, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. कादंबरीतली लेखिका एका तडफदार नेत्याच्या प्रेमात पडते. तो बोलायला उभा राहिला की टाळ्या थांबत नाहीत. मी आमच्या ऑफिसातल्या संघटनेचा चिटणीस. आता आणखी काय पुरावा हवा?

बायको लिहिते मात्र झकास, अगदी मानलं पाहिजे. दर रविवारी ती घरात नवं प्रकरण वाचून दाखवायची. नेत्याचा भाग आला की मी कान टवकारायचो, एरवी जरा डोळा लागायचा. बाकीच्यांनी आपापलं पात्र बरोबर ओळखलं होतं. फोन चोरून ऐकणारी घरमालकीण म्हणजे माझी आत्या. एकाच मशीनवर दोन्ही पक्षांचे झेंडे शिवणारा म्हणजे खालचा शिंपी. मोर्चात उभ्या उभ्या झोपणारा कार्यकर्ता म्हणजे माझा मेहुणा. राग कुणालाच नाही, उलट तिघंही छाती फुगवून हिंडत होती.

परवा मी तिच्या खोलीचं दार ढकलून डोकं आत घातलं. "चालू दे तुझं. फक्त एवढंच विचारायचं होतं, मीठ कुठंय?"

ती डोकं धरून बसली होती. प्रकाशकांचा फोन आला होता. किरकोळ पात्रं फार झालीत, उद्यापर्यंत एक काढा, नाहीतर कादंबरी परत न्या.

"कुणाला काढू रे? सगळी माझीच माणसं आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"माझ्यावर सोड. जन्मभर निवडणुकाच घेतल्यात मी."

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मतदान ठेवलं. त्याआधीच प्रचार सुरू झाला होता. शिंप्याने आत्याचे पडदे फुकट शिवून द्यायचं कबूल केलं. आत्याने मेहुण्याला जेवायला बोलावलं, शिंप्याने चहाला. मेहुणा दोघांनाही हो म्हणाला आणि सोफ्यावर झोपला.

"मला काढलंत तर लेखिकेचं नि नेत्याचं जुळलेलं लोकांना कळणार कसं?" आत्याने विचारलं.

"आणि झेंडे कोण शिवणार? तुम्ही?" शिंपी म्हणाला.

पेच काही सुटेना. मग मी अनुभवाच्या जोरावर तोडगा काढला. "तो एक येडा आहे बघा, लेखिका लिहायला बसली की दारातून डोकं घालून काहीबाही विचारणारा. त्याला काढा. त्याचं कादंबरीत कामच काय?"

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. शिंप्याला ठसका लागला. मेहुणासुद्धा जागा झाला.

"नक्की?" बायकोने विचारलं.

"नक्की," म्हणत मी पहिला हात वर केला. बाकीच्यांनी माझ्याकडे बघत बघत केला.

बायको हसत सुटली. मग तिने शेवटचं प्रकरण माझ्या हातात दिलं. ते वाचलं त्या रविवारी मी घोरत होतो म्हणे. त्यात नेता मंत्री होतो आणि लेखिकेला न्यायला गाडी पाठवतो. ती गाडी परत पाठवते. तेवढ्यात दारातून एक डोकं आत येतं, "चालू दे तुझं." तिला वाटतं, आपलं घर ते हेच, आणि ती लिहायला लागते.

एवढं सुंदर माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं, आणि मी स्वतःच हात वर करून ते काढायला सांगितलं होतं. बायको तोवर खोलीत जाऊन दार लोटून बसली होती. मला राहवेना. मी दार ढकललं.

"चालू दे तुझं. फक्त एवढंच विचारायचं होतं, फेरमतदान घेता येईल का?"