गुरुजींचा फलक आणि तपकिरी घोडी

"जे म्हणीत नाही, ते जगात नाही!" असं गुरुजी छातीठोकपणे सांगत. पस्तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेला माणूस! घरात विषय बटाट्यांचा निघो की गळक्या नळाचा, गुरुजी आधी म्हण सांगत, मग अर्थ सांगत, मग वाक्यात उपयोग करून दाखवत. उपयोगापर्यंत ऐकायला मात्र कोणी टिकत नसे.

त्यामुळे लेकीने विचारलं, "बाबा, तबेल्यात सुरक्षिततेचे फलक लावायचेत. लिहाल का?" तेव्हा गुरुजींना अगदी भरून आलं. लेकीने चांगली नोकरी सोडून तीन घोडे घेतले होते, घोडेस्वारीची शाळा काढायला. तपासणी अधिकारी बाईंनी परवानगी दिली तरच मुलं येणार, नाहीतर सगळं मुसळ केरात! आणि अशा वेळी लेकीला बापाची आठवण झाली होती.

"सोपं लिहा हं, बाबा."

"अगं, निर्धास्त राहा! नियम लोक विसरतात, म्हण जन्मात विसरत नाहीत!"

फलक लागले. फाटकावर होतं, 'घोडामैदान जवळच आहे.' म्हणजे परीक्षेची वेळ आली, सावध! पण चौकशीला आलेलं एक जोडपं मैदान शोधत सरळ निघालं ते थेट लिदीच्या ढिगात पोचलं. आतल्या पत्र्यावर होतं, 'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये.' ते वाचून मोतद्दारकाका विचारात पडले. घोड्यांची देखभाल करण्यात त्यांची हयात गेली होती, पण साहेब म्हणजे इथे लेकच! ते पाण्याची बादली घेऊन तिच्या पुढून जाईनात. ती बोलायला वळली की काकाही वळत. दोघांच्या तीन प्रदक्षिणा झाल्या आणि अर्धी बादली लेकीच्या बुटात गेली.

"बाबा, लोकांना अर्थ कळत नाहीये!"

"एवढंच ना? अर्थही लिहितो!"

इथेच घोडचूक झाली. गुरुजींनी म्हणीखाली शब्दशः अर्थ लिहिला, लाक्षणिक अर्थ लिहिला, दोन उदाहरणं दिली. अक्षर इतकं बारीक झालं की वाचायला पत्र्याला नाक लावावं लागे. आणि जिथे धोका तिथेच सूचना हवी, म्हणून फलक टांगला तपकिरी घोडीच्या बरोब्बर मागच्या भिंतीवर!

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. लेक कागद आणायला ऑफिसात गेली होती. बाई भिंतीकडे तोंड आणि घोडीकडे पाठ करून फलक वाचू लागल्या.

"अक्षर सुरेख आहे हो!" त्या म्हणाल्या.

झालं! गुरुजी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हातात छडी होतीच.

"पाहा, घोड्याला अगदी मागचं दिसत नाही," त्यांनी पत्र्यावर छडी आपटली. टण्ण! "म्हणून तो दचकतो!" टण्ण! "आणि दचकला की..."

"गुरुजी, तिचे कान मागे गेले!" मोतद्दारकाका पलीकडून ओरडले.

"मध्ये बोलू नका! तर लाक्षणिक अर्थ असा..." टण्ण!

"गुरुजी, पाय उचलला!"

"प्रश्न शेवटी विचारा!"

काकांनी धावत येऊन एका हाताने बाईंचा दंड आणि दुसऱ्या हाताने गुरुजींची कॉलर धरली आणि दोघांना बाजूच्या गवताच्या ढिगावर ओढलं. त्याच क्षणी घोडीने लाथ झाडली. धडाड! शब्दशः अर्थाच्या मधोमध खूर उमटला आणि फलक खाली आला.

आवाज ऐकून लेक धावत आली. बापाचे हातपाय चाचपून पाहताना तिचे डोळे भरून आले. गुरुजींनी काकांना हात जोडले. "काका, आज तुमच्यामुळे वाचलो," ते म्हणाले. पुढे म्हण सुचली नाही, आणि त्यांनी शोधलीही नाही.

बाई केसातलं गवत काढत म्हणाल्या, "काका, नियम तुम्हीच सांगा."

"घोड्याशी आधी बोलायचं. खांद्याकडून जवळ जायचं. मागे थांबायचं नाही. संपलं."

गुरुजींनी खडू घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने सांगितलेलं मुकाट्याने उतरवून घेतलं. हा फलक दारातच लागला, दहा पावलांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

आठवड्याने पत्र आलं. "बाबा, परवानगी मिळाली!" लेकीने त्यांना मिठीच मारली. "तुम्ही दोघं वेळेवर बाजूला झालात आणि देव पावला!"

"आणि खाली काय लिहिलंय?"

लेक ओठ चावत वाचू लागली, "अट एकच. गुरुजी अर्थ सांगू लागल्यास घोडीला तत्काळ बाहेर न्यावे."

गुरुजींनी पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं.

"बाईंचे उपकार आहेत," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं पोरं माझ्या तासाला खिडकीतून उड्या टाकून पळाली. घोडीला निदान दारातून जायची सोय झाली!"