वर चढणारं ब्लँकेट

ऊन तापायला लागलं की आमच्या घरातलं ब्लँकेट वर चढतं.

थंडीत त्याचा काही त्रास नाही. ह्यांचा डाळिंबाचा ट्रक हिमाचलकडे जातो, तिथल्या एका मेंढपाळाकडून ह्यांनी ते आणलं. तिकडची मेंढरं बर्फातही उघड्यावर राहतात म्हणे. लोकर अशी दाट, की बोट खुपसलं तर आत ऊब लागते. आमची गौतमी आठव्या महिन्यातच जन्मलेली. हातपाय गार पडायचे, दूध ओढायची नाही. त्या ब्लँकेटात गुंडाळली तेव्हा पहिल्यांदा पोटभर प्याली. तेव्हापासून दुसऱ्या कशात ती झोपत नाही आणि पीतही नाही. दुपटं घातलं, आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, जुनी साडी घातली, तोंडच फिरवते.

होळी झाली आणि एका सकाळी ब्लँकेट ट्रंकेवर बसलेलं. मग कपाटावर, मग माळ्यावर, मग घराच्या पत्र्यावर. गौतमी झोपेत असेपर्यंत ते हलत नाही. ती जागी झाली की निघतं. मी शिडी लावून काढून आणायचे. आत्याबाई म्हणायच्या, उज्ज्वला, तूच कुठंतरी टाकतीस आणि घोंगड्याला नावं ठेवतीस. एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर ते लिंबाच्या झाडावर चढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, पायात जोर नाही बिचाऱ्याच्या, कसं लोळागोळा होतंय.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणतात. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे ती ताठ होते, पाऊस आत येत नाही. आत्याबाईंना वाटलं, तिकडचे लोक खळ द्यायलाच विसरले. त्यांनी चिंचोके भिजवले, शिजवले आणि कुंच्यानं दोन्ही अंगांना खळ लावून ब्लँकेट उन्हात वाळत घातलं.

वाळल्यावर ते चार कोपऱ्यांवर उभं राहिलं आणि चालायला लागलं.

आता ते झाडावर जाईना. दारातून निघायचं ते थेट डोंगराच्या वाटेला. वळणावरच्या दगडापाशी थांबायचं, एक कोपरा घराकडे वळवून उभं राहायचं. मी कडेवर पोर घेऊन धावत जायचे आणि घेऊन यायचे. रोज वाटायचं, आज नाही थांबलं तर? दाव्यानं खुंटीला बांधून पाहिलं, तर काठाचे धागे उसवायला लागले. त्या दिवशी गौतमी दोनदाच प्याली. मी ह्यांना फोन केला. हे म्हणाले, ट्रक घाटात आहे, म्हंकूआप्पाला दाखव.

म्हंकूआप्पांची मेंढरं तेव्हा कोकणातून परतून आमच्या रानात बसायला होती. खतासाठी आम्ही दरवर्षी बसवतो, बदल्यात धान्य देतो. आप्पा आले, ब्लँकेटाचा काठ उचलून दात बघावेत तसा बघितला, पाठीवर हात फिरवला.

"हे वरच्या मुलखातलं. उन्हाळ्याला वर जातंय, दिवाळीला खाली येतंय. आमची दिवाळीनंतर कोकणात उतरत्यात, तसंच."

मी विचारलं, मग जात का नाही एकदाचं? वळणावर का थांबतं?

"कोकरू मागं ऱ्हायलंय न्हवं," आप्पा म्हणाले आणि माझ्या कडेवर बघितलं.

मला हे आवडलं नाही. मी नऊ महिने नाही तरी आठ महिने पोटात वागवलेली पोर.

"ती त्याचं कोकरू, तर मग मी कोण?"

आप्पांनी मळलेली तंबाखू दाढेत धरली.

"तू बिऱ्हाड," ते म्हणाले. "बिऱ्हाड मागनं चालतंय. त्याबिगर कळप कुठं जातोय?"

आत्याबाई म्हणाल्या, बरोबर आहे, आणि बरोबर द्यायला लोणचं काढायला उठल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एवढंच विचारलं, की वरच्या पठारावर लस द्यायला कोण येतं. मी म्हटलं, आम्हीच खाली येऊ. ब्लँकेट येऊ देईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोकरू खाली असेल तर तेही येईल. त्या म्हणाल्या, मग हरकत नाही.

आम्ही निघालो. ब्लँकेट पुढं, मी पोरीला घेऊन मागं, डोक्यावर बोचकं. वळणावरच्या दगडापाशी ते थांबलं, आम्हाला मोजल्यासारखं केलं आणि चढायला लागलं. पठारावर देवळाच्या ओवरीत राहिलो. वारं असं की चूल पेटायला वेळ लागायचा. गौतमी मात्र त्याच्यात शिरून घटाघटा प्यायची. मी पहिल्यांदा तिच्या नाकाशी बोट न धरता झोपले.

दिवाळीला ते आपणहून खाली निघालं. नर्सबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, वजन झालं हो मनासारखं. ब्लँकेट तर एवढं दाट झालं होतं, की आप्पांनी कातर आणून त्याची लोकर कातरली. आत्याबाईंनी सूत काढून त्याचं छोटं ब्लँकेट विणलं, पाळण्याएवढं. आता दोघं शेजारी शेजारी असतात, गौतमी मधे.

छोटं अजून चालत नाही. होळी जवळ आली आहे. आत्याबाईंनी काल चिंचोके भिजत घातले, आणि मी बोचकं बांधायला घेतलं.