अन् समजा, कंदील विझला तं?

आमचे शेजारी वामनराव ढोक वैशाखातल्या भरदुपारी घराबाहेर पडले, तरी हातात बॅटरी असायची. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "अन् समजा, अंधार पडला तं?" पांढुर्ण्याच्या रणरणत्या उन्हात अंधार कसा पडेल, हे विचारण्यात अर्थ नसे. त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं आणि ते ऐकून आपल्यालाच घाम फुटायचा.

भिणं हा त्यांचा खरा धंदा. सौंसरच्या कचेरीतली कारकुनी ते मधल्या वेळात उरकत. बस उलटली तर उडी मारता यावी म्हणून दाराजवळ बसायचे, मग दार उघडलं तर पडू म्हणून मागे सरकायचे. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे नदीकाठी दोन गावं एकमेकांवर दगड मारतात त्या दिवशी, नदीपासून चांगल्या लांब असलेल्या घरात दारं-खिडक्या लावून, डोक्यावर भात शिजवायचा जर्मनचा गंज पालथा घालून बसायचे. कुसुमकाकू, म्हणजे त्यांची बायको, मात्र बिनधास्त. म्हणायच्या, "हे भेतात तेवढं घरात पुरे हाय, मी काऊन भेऊ?"

त्याच काकूंच्या पोटात एका वर्षी गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून टाका, उशीर नको. काकू तिथल्या तिथे हो म्हणाल्या. वामनराव म्हणाले, "विचार करून सांगतो." तो विचार होळीपासून चालला होता. मधे ते जामसांवलीला जाऊन मारुतीला नवस बोलून आले. तिथेही पुजाऱ्याला विचारलंच, "अन् समजा, फेडाले उशीर झाला तं देवाचं काही म्हणणं असते का जी?"

अशात माझा मेहुणा बंडू सुटीत आला. तो नागपूरला होस्टेलवर राहून इंजिनीअरिंग शिकत होता. तिथून त्याने एक अजब खेळ आणला होता. एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि भलत्याच पैलूंचे फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. बंडू गोष्ट सांगणार, समोर गुहा आहे, आत राक्षस आहे. आपण वीर व्हायचं, सामान घ्यायचं, आत शिरायचं आणि फासा टाकून जगलो की मेलो ते पाहायचं. खेळायला शाळेला सुटी असलेला मास्तर मी, माझी बायको सुनंदा, आणि "काय करून राहिले जी?" म्हणत कुंपणापलीकडून आलेले वामनराव.

बंडूने त्यांना तलवार दिली.

"तलवार नको. दुसरा कंदील दे."

"काका, तुमी योद्धा हा न!"

"योद्ध्याले अंधारात दिसते का? अन् समजा, पयला कंदील विझला तं?"

आणि मग प्रश्नांना जे तोंड फुटलं! दोर ओला झाला तर किती वजन धरतो? शिरस्त्राणावर दगड बसला तर कान वाजतात का? काठीने जमीन ठोकत गेलं तर साप आधी निघेल की राक्षस? बंडू बिचारा पानं उलटून उलटून थकला. अर्धी सुटी संपली तरी आम्ही आपले गुहेच्या तोंडाशीच उभे. सुनंदा वैतागून म्हणाली, "आता तो राक्षस म्हातारपणानं मरन!"

पण हळूहळू प्रश्न बदलले. एका दुपारी वामनरावांनी विचारलं, "जीव वाचाचा फासा एकदाच टाकाचा का रे? चुकला तं परत नाही?"

"एकदाच, काका."

त्यांनी हातातला फासा हळूच खाली ठेवला. कुंपणापलीकडे काकू कुरडया घालता घालता पोट धरून खाली बसलेल्या आम्हा सगळ्यांना दिसल्या. मला एकदम भीती वाटली.

वामनराव आवाज खाली आणून म्हणाले, "बंडू, एकानं आत जायचं अन् दुसऱ्यानं बाहेर थांबाचं, असं असन तं बाहेरच्याले काय नियम हाय?"

बंडूने पुस्तक पहिल्यापासून चाळलं. त्यात विषाचे नियम होते, चिलखताचे होते, सामान वाहणाऱ्या खेचराच्या चाऱ्याचेसुद्धा होते. बाहेर थांबणाऱ्यासाठी एक ओळ नव्हती. शेवटी त्याने पुस्तक मिटलं.

"कंदील लावून ठेवाचा, काका. आतल्याले वापस येताना वाट दिसली पाह्यजे."

"एवढंच?"

"एवढंच. विझू द्यायचा नाही."

मी 'अन् समजा'ची वाट पाहत होतो. ते उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, ऑपरेशनला हो म्हणाले.

नागपूरला मीही सोबत गेलो. स्टेशनवर त्यांच्या पिशवीत दोर, मेणबत्त्या, काडेपेट्या पाहून काकू म्हणाल्या, "ऑपरेशन माहं हाय का गड चढाचा हाय?"

काकूंना आत नेलं, दार लागलं. वामनराव त्या दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी बॅटरी लावली. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. नर्स म्हणाली, "बाबा, उजेड आहे की!" त्यांना ऐकूच गेलं नाही. दारावर पडलेला तो फिका गोल सारखा थरथरत होता. मीही त्या गोलाकडेच पाहत राहिलो.

बऱ्याच वेळाने उजेड पिवळा पडला. पिशवीत नवे सेल होते, पण त्यांच्या हातांना झाकण फिरवता येईना. मी बॅटरी घेतली. जुने सेल काढल्यावर ती विझली, तसं त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. "लवकर, गुरुजी. लवकर!" सेल आधी उलटे बसले, मग नीट बसले, बॅटरी लागली. तेव्हा कुठे मनगट सुटलं.

संध्याकाळी वॉर्डात काकूंनी डोळे किलकिले केले. खाटेच्या पायथ्याशी बॅटरी घेऊन वामनराव उभे होते. काकू त्या उजेडाकडे बघून तुटक आवाजात म्हणाल्या, "बंद करा न जी ते. सेल वाया जाऊन राह्यले."

वामनरावांनी काही न विचारता बॅटरी बंद केली, आणि खाटेच्या दांडीवर डोकं टेकून ते हमसाहमशी रडले.