बादलीतलं एकत्रीकरण

आज बाथरूम मी साफ करतो, असं मी रविवारी सकाळी आपण होऊन म्हणालो. बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

संध्याकाळी सासूबाई महिनाभर राहायला येणार होत्या. त्यांना दम्याचा त्रास, त्यामुळे डॉक्टरांनी धुळीपासून, बुरशीपासून जपायला सांगितलेलं. त्यात या सासूबाई म्हणजे शाळेतल्या माझ्या रसायनशास्त्राच्या बाई. (लग्न ठरलं तेव्हा त्या मुलीला म्हणाल्या होत्या, "माणूस वाईट नाही, फक्त प्रयोगशाळेत एकटा सोडू नकोस.") लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल चांगला शब्द काही आला नाही. निदान लख्ख फरशी पाहून तरी येईल, एवढीच माझी आशा.

फळीवर सात बाटल्या निघाल्या, सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. मी रेकॉर्ड खात्यातला हेडक्लार्क. एकाच विषयाच्या अर्धवट फायली दिसल्या की माझे हात शिवशिवतात. त्या एकत्र करायच्या, टाचायच्या आणि वर एक नंबर टाकायचा, यात खात्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. इथेही विषय एकच होता, स्वच्छता. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची तर चष्मा आणायला उठावं लागलं असतं. (सूचना काढायचं काम माझं, वाचायचं इतरांचं.) मी ब्लीच बादलीत ओतलं आणि त्यावर संडास घासायचं ॲसिड ओतलं.

बादली फसफसली. पिवळट हिरवा धूर वर आला, घसा आवळला, डोळ्यांतून धारा लागल्या. मी बाहेर धावलो आणि दार ओढून घेतलं.

"काय केलंत?" बायकोने विचारलं.

"एकत्रीकरण," मी खोकत म्हणालो.

तिने भराभर खिडक्या उघडल्या आणि मला दंडाला धरून जिन्याने खाली नेऊ लागली. नेमक्या तेव्हाच सासूबाई वर येत होत्या. त्यांना लवकरची गाडी मिळाली होती. वास नाकात जाताच त्यांनी कठडा धरला आणि त्यांना ढास लागली. आम्ही दोघांनी त्यांना धरून अंगणातल्या बाकावर आणलं, बायकोने त्यांचा दम्याचा पंप काढून दिला. त्यांचा श्वास पुन्हा नीट चालेपर्यंत मी इतका घाबरलो होतो की आयुष्यभर संडास घासायची शपथही घेऊन टाकली.

जरा बरं वाटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मला त्या अहो-जाहो करतात.

"काय काय ओतलंस?"

मी उभा राहून सांगितलं.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही, बाई." (एकोणीस वर्षं मी त्यांना आई म्हणतोय.)

काहीतरी उपयोगी बोलावं म्हणून मी म्हणालो, नाक बांधून वर जातो आणि बादली मोरीत रिकामी करतो.

"म्हणजे सगळं मागच्या ओढ्यात. माशांनी तुझं काय घोडं मारलंय?"

शेवटी बायकोने अग्निशमन दलाला फोन केला. मुखवटा लावलेला एक जवान वर गेला, सगळी इमारत गॅलरीत जमली, आणि माझी बादली उचलून नेताना मी जातीने पाहिली.

तासाभराने सासूबाई बायकोला म्हणाल्या, "दहावीत याला क्लोरीन तयार करायला सांगितला होता. दोन तास झटला, एक बुडबुडा निघाला नाही. आज जमला. रंग बरोबर, वासही बरोबर."

चांगला शब्द आला होता. माझी छाती फुगली. (खोकला आला.)

"पण बाथरूम अजून तसंच आहे," त्या पुढे म्हणाल्या. "उद्या घास. साबण आणि पाणी, बस्स. तिसरं काही लागलं तर हात वर करून विचारायचं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी घासायला बसलो. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. अर्धी फरशी घासून होते तोच ब्रशचे केस गळाले, नवा ब्रश हवा होता.

मी हात वर केला.