शोकसभेत गेलेलं यीस्ट

बर्फाच्या भांड्यात ठेवलेल्या नळीत ताईंनी नुकतंच यीस्ट सोडलं होतं, तोच त्यांचे सर शिंकत शिंकत प्रयोगशाळेत आले.

“चला खाली, शोकसभा आहे. जुने संचालक गेले.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. नळीत नायट्रस ॲसिड होतं. ते साठवून ठेवता येत नाही. लागेल तेव्हा थंडाव्यात ताजं करायचं. पेशीच्या आत पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती लिहिलेली असते, तिची अक्षरं ते बदलतं. थोडा वेळ ठेवलं, तर एखादं अक्षर बदलून नवा वाण मिळतो. जास्त ठेवलं, तर सगळं पुस्तकच जळतं. म्हणून वेळेवर दुसरं द्रावण ओतून त्याला आवरावं लागतं. आठवड्याअखेर समिती येणार होती. नवा वाण दिसला नाही, तर प्रयोगशाळेला टाळं. आणि ताईंच्या पगारावर घरी अंथरुणाला खिळलेल्या बाबांची औषधं चालत.

“सर, ॲसिड चालू आहे. एवढं थांबवून येते.”

“माणूस गेलाय आणि तुम्हाला नळीचं पडलंय? दोन मिनिटं तर उभं राहायचंय!”

त्या दोन मिनिटांआधी भाषणं झाली. दिवंगत फार मितभाषी होते, हे सांगायला एकट्या सरांनीच अर्धा तास घेतला.

ताई धावत वर आल्या. द्रावण ओतलं. आशा सुटेना, म्हणून नळीतलं यीस्ट काचेच्या थाळ्यांत पसरलं. मागोमाग आलेले सर उघड्या थाळीवर वाकले.

“जगेल हो एखादं,” म्हणाले आणि सणसणीत शिंकले.

चार दिवसांनी थाळ्या स्मशानासारख्या ओस होत्या. एकीत मात्र सोनेरी ठिपका.

“पाहिलंत? ॲसिडला पुरून उरला पठ्ठ्या! रंगसुद्धा बदलला!”

“सर, मला जरा शंका आहे. आधी तपासून—”

“तुमच्या शंकांनीच काम अडतं. समितीपुढे हाच ठेवायचा!”

समितीच्या बाईंनी तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

“हे यीस्ट नाही. माणसाच्या नाकात राहणारे जंतू आहेत हे. ॲसिडशी यांची गाठच पडलेली नाही. तुमचं यीस्ट कुठंय?”

“गेलं,” ताई म्हणाल्या. “शोकसभेत.”

सरांना नेमकी तेव्हाच शिंक आली.

महिनाअखेर टाळं लागायची वेळ झाली. रिकाम्या कपाटांकडे पाहून सर गहिवरले.

“ताई, दोन मिनिटं शांत उभं राहू या. मग दोन शब्द बोलतो.”

सरांनी डोळे मिटले. ताईंनी प्रयोगाचं घड्याळ दोन मिनिटांवर लावून टेबलावर ठेवलं. घंटी वाजली आणि सरांनी घसा खाकरून डोळे उघडले, तेव्हा दोन शब्द ऐकायला खोलीत कोणीच नव्हतं.