वसुधाताईंचा डावा हात

आमच्या शेजारच्या वसुधाताई दार हाताने उघडत नाहीत. कोपराने उघडतात. लोणच्याची बरणी उघडायची असली की ती काखेत मारून माझ्याकडे येतात, आणि माझी बेलही कोपरानेच वाजवतात. लीड्समध्ये आमची घरं एकाला एक चिकटलेली, त्यामुळे बरण्यांचं खातं कायमचं माझ्याकडे.

ताई कॉन्सर्ट पियानिस्ट आहेत. भल्यामोठ्या हॉलमध्ये स्टेजवर एकट्या बसून वाजवणाऱ्या. गोरी माणसं शेकहँडला पुढे आली की ताई लांबूनच नमस्कार करतात. गोरे खूश, काय हे इंडियन कल्चर! मीही एकदा कौतुक केलं तर म्हणाल्या, "कल्चर कसलं रे? बोटं चेपतात मेले."

त्यांचा लाडका शब्द म्हणजे "परत!" पियानो शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना ठीक आहे, पण ताई तो अख्ख्या जगाला लावतात. पार्सलवाल्याने दार धडाधडा वाजवलं की आतून आवाज येतो, "अगेन, प्लीज! फ्रॉम द रिस्ट!" आणि तो बिचारा खरंच हळुवार वाजवतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांची नक्कल करत होतो, मान ताठ, भुवया वर, "परत!" तर नेमक्या मागे उभ्या. शांतपणे म्हणाल्या, "खांदे खाली सोड. परत." मी केली. दुप्पट हशा पडला.

एवढं हातांना जपलं, आणि गेल्या हिवाळ्यात कचऱ्याची बिन बाहेर काढताना बर्फावरून घसरल्या. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामापुरता हात बरा होईल, कॉन्सर्टचं मात्र विसरा.

"रोजची कामं?" ताई मला म्हणाल्या. "ती मी कधी केली होती?"

ऑटममधला त्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तो त्यांनी रद्द केला नाही. "हात आला तर आला. नाही तर हे शेवटचं," एवढंच एकदा बोलल्या, आणि बसल्या पियानोवर.

त्या दिवशी वाजवायच्या रचनेत, मधल्या संथ भागात, एक जागा होती. तिथे उजवा हात थांबतो आणि डावा एकटाच पुढे जातो. ताईंचा डावा नेमका तिथेच अडखळायचा. परत. पुन्हा अडखळायचा. परत. सगळं भिंतीतून माझ्या घरात. बार्शीहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "ती बाई अजून तिथंच अडकलीय का रे?"

शेवटी मी विचारलं, "ताई, पुढचं येतं ना हो तुम्हाला?"

"येतं. पण रस्ता इथूनच जातो."

कार्यक्रमाला आमचं मंडळ निघालं, तेव्हा ताईंनी दम भरला. "तीन भाग आहेत. टाळ्या फक्त शेवटी. चिवड्याची पुडी नको, आणि खोकला घरी ठेवून या." हे मुख्यतः नेनेकाकांना. काका हॉस्पिटलातून रिटायर झालेले भूलतज्ज्ञ, पण गाण्याच्या बैठकीत स्वतः टक्क जागे राहणारे.

पहिला भाग झाला. आमची पूर्ण रांग हातांवर हात दाबून गप्प. मग दुसरा. भिंतीतून पाठ झालेली ती जागा जवळ आली. उजवा हात थांबला. डावा निघाला, सावकाश, आणि सरळ पलीकडे गेला.

"वाऽऽ! क्या बात है!"

नेनेकाका! अख्खा हॉल वळून बघायला लागला. पुढच्या बाईंनी तर असं बघितलं की जणू काकांनी चर्चमध्ये बिडी पेटवली. काका खुर्चीत विरघळले. ताई मात्र वाजवत राहिल्या, शेवटपर्यंत.

नंतर आम्ही आतल्या खोलीत भेटायला गेलो. ताईंचा पहिला प्रश्न, "मध्येच वा कोण म्हणालं?"

काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "तोंडातून गेलं हो. बैठकीची सवय. सॉरी."

ताई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं वाजवतेय मी. हॉलमध्ये अंधार, कोणी हूं की चूं करत नाही. टाळ्या येतात त्या सगळं संपल्यावर. मध्ये कोणी सोबत आहे का, कळतच नाही हो."

"होतो की आम्ही," काका म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"मग पहिल्या भागाला का नाही म्हणालात?"